नखातला वाघ आणि लाकडातला वाघ

दिवाळी जवळ आली की तळोद्याच्या रस्त्यांवर अस्तंब्याला निघालेल्यांचे जथे दिसू लागतात. धनत्रयोदशीच्या सुमारास खानदेशातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून माणसे इथे जमतात, हातात झेंडे घेतात आणि कोठारच्या वाटेने सातपुडा चढू लागतात. धडगाव तालुक्यातला अस्तंबा डोंगर १,३२५ मीटर उंच. शिखर गाठायचे, पूजा करायची आणि परत फिरायचे. वर राहतो तो अश्वत्थामा. डोक्यावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल-हळद मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला रस्ताही दाखवतो, असे या भागात सांगतात.

ही जखम मण्याची. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा स्वतःच त्या मण्याचे गुण सांगतो. तो ज्याच्याजवळ असेल त्याला शस्त्राचे, रोगाचे, भुकेचे भय नाही. देव, दानव, नाग, राक्षस, चोर यांपैकी कोणी त्याचे काही वाकडे करू शकत नाही. आजचा ताईतवाला आपल्या मालाची जी तारीफ करतो ती जवळजवळ हीच. फक्त देव-दानवांच्या जागी कोर्टकचेरी आणि धंद्यातली खोट आली आहे. अश्वत्थाम्याचा मणी कोणी घडवलेला नव्हता. तो जन्मतःच कपाळावर होता, देहाचाच भाग होता. म्हणून तो काढून घेतल्यावर मागे जखम राहिली, आणि ज्यांनी घेतला त्यांची मारली गेलेली मुले काही परत आली नाहीत.

तळोद्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या डोंगरातली ही गोष्ट इथे मुद्दाम घेतली, कारण ताईताच्या जगातला मूळ तंटा तिच्यात आहे. रक्षण करणारी शक्ती राहते कुठे? देहाच्या तुकड्यात, की आकृतीत आणि मंत्रात? प्राण्याचे बळ माणसाला नेहमीच हवे होते. ते चित्रातून, मूर्तीतून, नुसत्या नावातून मिळते असे जिथे लोकांनी मानले, तिथे प्राण्याला जगायला जागा राहिली. ते नखातून, सुळ्यातून, कातडीतूनच मिळते असे जिथे ठरले, तिथे प्राण्याच्या गळ्यावर सुरी आली. थायलंडात या दोन्ही गोष्टी घडल्या. सातपुड्यातही घडल्या.

आधी लाकडातला वाघ. नंदुरबारपासून डांगपर्यंत आणि तिथून नाशिक-पालघरच्या डोंगरांपर्यंत भिल्ल, मावची, कोकणा, वारली, महादेव कोळी अशा अनेक आदिवासी समाजांत वाघदेव आहे. कुठे तो शेंदूर फासलेला नुसता दगड असतो. कुठे, विशेषतः डांगच्या बाजूला, तो जमिनीत रोवलेला लाकडी खांब किंवा फळी असतो, आणि तिच्यावर उठावाचे कोरीवकाम असते. वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर; खाली वाघ, बहुतेक वेळा बाजूने दिसणारा, शेपूट पाठीवर उलटी वळलेली; कधी त्याच्याजवळ नाग, कधी माणसांची जोडी. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा वाघ अगदीच कच्चा. पाय काठ्यांसारखे, तोंड मांजराचे की कुत्र्याचे हे सांगता येऊ नये. पण कोरणाऱ्याला वाघाची तसबीर करायचीच नसते. सूर्य-चंद्राच्या साक्षीने वाघाशी केलेला करार त्याला लाकडावर उतरवायचा असतो. तू आमची गुरे सोड, आम्ही तुझा मान देतो. खांब बहुधा गावाच्या शिवेवर असतो, कारण करार शिवेचाच आहे.

या कराराचे नूतनीकरण दरवर्षी होते. आपल्याकडे शहरात जी वसुबारस, तीच आश्विन वद्य द्वादशी डोंगरात वाघबारस. गुराखी घरोघरी जाऊन तांदूळ, डाळ, तेल-मीठ गोळा करतात, वाघदेवाच्या ठाण्यापाशी नैवेद्य शिजवतात, कोंबडे-नारळ देतात. काही गावांत एखादा पोरगा वाघ होतो. बाकीचे त्याला घेरतात, पुन्हा आमच्या शिवारात येशील का म्हणून विचारतात, आणि त्याने नाही म्हणेपर्यंत त्याच्या मागे पळतात. हा खेळही आहे आणि पूजाही. दोन्ही वेगळे काढायची गरज गुराख्यांना वाटत नाही; ती आपल्यासारख्या पुस्तके लिहिणाऱ्यांना वाटते. वारली भागातल्या वाघोबावर २०२१ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद आहे, आणि बिबट्यांचा वावर असलेल्या भागात माणसांनी त्यांच्याशी जुळवून घेतले त्यात या देवाचा वाटा आहे, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

वाघदेव हा गळ्यातला ताईत नाही, हे खरे. तो गावाचा ताईत आहे. एका माणसाच्या मनगटावर बांधायचे ते संपूर्ण शिवेला बांधलेले आहे, एवढाच फरक.

आता थायलंडकडे वळू. तिथे ताईत ही खिशातल्या पाकिटाइतकी सर्रास गोष्ट आहे. टॅक्सीचालकाच्या आरशाखाली, पोलिसाच्या सदऱ्याआड, दुकानदाराच्या गल्ल्याजवळ तो असतोच. बँकॉकमध्ये वाट महाथात या मोठ्या विहाराजवळ, नदीच्या था फ्रा चान धक्क्याशी, ताईतांचा जुना बाजार भरतो. डोळ्याला भिंग लावून माणसे नखाएवढी मातीची पट्टी तासन्‌तास निरखत बसलेली असतात. पैसे मोजून घेतलेला असला तरी ताईत विकत घेतला असे तिथे म्हणत नाहीत, भाड्याने घेतला म्हणतात. पवित्र वस्तूचा मालक कोण होणार?

यातले सर्वांत मानाचे ताईत प्राण्यांचे नाहीत, बुद्धाचे आहेत. जुन्या काळी मातीच्या साच्यातल्या छोट्या बुद्धप्रतिमा स्तूपात पुरून ठेवत. पुढे त्या माणसांच्या गळ्यात आल्या. एकोणिसाव्या शतकात वाट राखांग या विहाराचे सोमदेत तो (१७८८–१८७२) यांनी केलेल्या पट्ट्या आज तिथल्या श्रीमंतांच्या तिजोऱ्यांत असतात. त्यांचा मसाला पाहा: शिंपल्यांचा चुना, जाळलेल्या पोथ्यांची राख, देवाला वाहिलेली फुले, केळे, भात, आणि हे सगळे बांधून ठेवायला तेल. ना सोने, ना कुणाचे हाड. त्याची किंमत ठरते ती कोणी घडवले आणि त्यावर कोणते पाठ म्हटले यावरून. ताईत साच्यातून काढला की काम अर्धेच झाले. मग भिक्खू त्याभोवती बसून पाली पाठ म्हणतात, पांढरा दोरा बुद्धमूर्तीपासून ताईतांच्या राशीभोवती आणि भिक्खूंच्या हातातून फिरवतात. त्यानंतर तो जागा झाला असे मानतात. आपल्याकडची प्राणप्रतिष्ठा माहीत असलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

बुद्धाखालोखाल प्राणी येतात, आणि तिथे थाई कल्पकतेला धरबंध नाही. साळुंकी गोड बोलण्यासाठी. विक्रेते, वकील आणि प्रेमात पडलेले तिच्यामागे असतात. कासव आयुष्यासाठी आणि टिकणाऱ्या पैशासाठी. दुकानात टांगलेला मासा गिऱ्हाईक ओढण्यासाठी. दोन शेपटांची पालही धंद्यासाठीच. आपल्याकडे चुकचुकणारी पाल शंकेची, तिथे ती बरकतीची, म्हणजे पालीचा स्वभाव देश बदलला की बदलतो. हनुमान आहेच, तो रामकथेबरोबर पोचला. आणि मग वाघ. तो अधिकार देतो, दरारा देतो, शत्रूची पावले मागे फिरवतो. पोलीस, सैनिक आणि गुंड हे तिघेही एकाच वाघाच्या भरवशावर फिरतात.

वाघाच्या ताईतांत एक नाव सर्वांच्या वर घेतात: लुआंग फो पान. बँकॉकच्या दक्षिणेला समुत प्राकान प्रांतात बांग हिया नावाच्या विहारात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे भिक्खू होते. त्यांचे वाघ वाघाच्याच सुळ्यातून कोरलेले. बसलेला वाघ, वर केलेले तोंड, गोल डोळे, सुळ्याच्या टोकाची नैसर्गिक वळणे तशीच ठेवलेली. दंतकथा अशी की राजा चुलालोंगकोर्न त्यांना भेटला तेव्हा त्यांनी ते इवलेसे वाघ ठेवले आणि समोर डुकराचे मांस धरले. वाघ उड्या मारून मांसाला चिकटले. ही गोष्ट थायलंडात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ताईताची किंमत निम्मी तिच्यामुळेच असावी. साहजिकच खोट्या सुळ्यांचा बाजारही तिथे मोठा आहे.

दुसरा वाघ कातडीवर काढतात, पण माणसाच्या. नाखोन पाथोम प्रांतातला बांग फ्रा विहार गोंदणासाठी प्रसिद्ध आहे. दरवर्षी मार्चच्या सुमारास तिथे गुरुपूजा भरते. ज्यांच्या पाठीवर वाघ गोंदलेला असतो अशी माणसे मैदानात मांडी घालून बसतात. मंत्र चालू असतात. अचानक एखादा हाताचे पंजे करून जमीन ओरबाडू लागतो, डरकाळी फोडतो आणि थेट मंचाकडे धावत सुटतो. स्वयंसेवक त्याला मधेच धरतात, उचलतात, कानाच्या पाळ्या चोळतात, आणि तो भानावर येऊन गुपचूप जागेवर जाऊन बसतो. जत्रेत अंगात आलेले पाहिलेल्या मराठी माणसाला यात परके काही वाटणार नाही. इथे वाघाचा एक केसही खर्ची पडलेला नसतो. शाई, सुई आणि मंत्र एवढ्यावर वाघ उतरतो.

बौद्ध धर्मात हे सगळे आले कुठून, हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास विचारला जातो, आणि विचारावाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेला धम्म गंडेदोऱ्यांचा नव्हता. मूळ ग्रंथही त्या बाजूने बोलतात. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात शकुन, मंत्र, सर्पविद्या असल्या विद्यांवर पोट भरणे श्रमणाला न शोभणारे म्हणून त्यांची लांबलचक यादी दिली आहे. तरीही रक्षणाची गरज माणसाची सुटत नाही, आणि पाली परंपरेने तिच्यासाठी एक वाट ठेवली. ती म्हणजे परित्राण पाठ. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांतही गृहप्रवेशाला, आजारपणात हा पाठ होतो. त्यातल्या अनेक पाठांमागे प्राणी उभे आहेत.

एका भिक्खूला साप चावला आणि तो गेला. तेव्हा बुद्धाने सांगितलेला उपाय खंधपरित्तात आहे: विरूपाक्ष, एरापथ, छब्यापुत्त आणि कण्हागोतमक या चार नागकुळांबद्दल मैत्री बाळगा, दोन पायांच्या, चार पायांच्या, बहुपाद, अपाद अशा सगळ्यांबद्दल बाळगा. सापाला बांधणारा मंत्र इथे नाही. तो चावू नये म्हणून आपण त्याचे वैरी नाही, हे जाहीर करणे आहे. वाघदेवाच्या खांबाशी जे बोलणे चालते, त्याच जातीचे हे बोलणे.

मोरपरित्ताची कथा तर या प्रकरणासाठीच रचल्यासारखी आहे. बोधिसत्त्व एका जन्मी सोन्याच्या रंगाचा मोर होता. सूर्य उगवताना एक आणि मावळताना एक असे दोन पाठ तो म्हणे, आणि त्यामुळे कुठल्याच फासेपारध्याला सापडत नसे. त्याचे मांस खाणारा अजरामर होतो असे एका राजाने सोन्याच्या पत्र्यावर कोरून ठेवले. पुढचे राजे तो पत्रा वाचत गेले आणि शिकारी पाठवत राहिले. शेवटी एकाने लांडोर शिकवून तयार केली. तिचा आवाज ऐकून मोर पाठ विसरला आणि सापडला. राजासमोर त्याने सरळ विचारले: माझे मांस खाऊन अमर व्हायचे, तर मी स्वतः मरणार आहे हे कसे? राजाने त्याला सोडले. कथेत रक्षण करतात ते शब्द. मांसाची हाव माणसाने त्यावर लादलेली.

खानदेशच्या वेशीवर, अजिंठ्यात, याच प्रश्नाची आणखी कठोर बाजू रंगवलेली आहे. छद्दंत जातक तिथे दोनदा आहे: ख्रिस्तपूर्व काळातल्या १० क्रमांकाच्या लेण्यात आणि पाचव्या शतकातल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात. काशीच्या राणीला सहा दातांच्या हत्तीचे दात हवे असतात. शिकारी विषारी बाण मारतो, पण प्रचंड दात त्याच्याने कापवत नाहीत. तेव्हा जखमी हत्ती करवत स्वतःच्या सोंडेत घेतो आणि दात कापून देतो. दात समोर येताच राणीच्या काळजाचे पाणी होते. मागच्या जन्मी ती त्याचीच सखी होती. ती तिथेच प्राण सोडते. योगायोग असा की याच १० क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये खांबावर आपले नाव कोरले, आणि तो तिथवर आला होता वाघाच्या शिकारीसाठी.

स्मिथनंतरचे खानदेशातले दिवस वाघाला वाईट गेले. १८२५ साली जेम्स आउट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. बंडखोर भिल्लांशी त्याने दोस्ती जमवली ती शिकारीतून. पुढच्या दहा वर्षांत त्याच्या शिकारीत १९१ वाघ पडल्याचा आकडा त्याच्या चरित्रातून पुढे आला आहे. सातपुडा आणि तापीकाठचे रान तेव्हा किती भरलेले होते आणि ते कसे रिकामे झाले, दोन्ही या एका आकड्यातून कळते. शिकार पडली की तंबूत एक घाईची कामगिरी असे. वाघाच्या मिशा आधी जाळायच्या किंवा मोजून ताब्यात घ्यायच्या, कारण त्या विष म्हणून वापरतात अशी समजूत होती. नखे आणि खांद्याजवळची सुटी छोटी हाडे शिपाई, हाकारे, साहेब सगळ्यांनाच हवी असत. ही हाडे शकुनाची मानण्यात गोरे लोक आपल्या नोकरांच्या मागे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेत वाघनखांना सोन्याचे कोंदण करून मडमांनी छातीवर लावायची फॅशनच होती. अंधश्रद्धा फक्त डोंगरातली, असे म्हणणाऱ्यांनी ते दागिने संग्रहालयांतून पाहावेत.

आपल्याकडे वाघनख मुख्यतः लहान मुलाच्या गळ्यातले. चांदीच्या किंवा सोन्याच्या कोंदणात एक नख, किंवा दोन नखे टोकाला टोक लावून चंद्रकोरीसारखी. दृष्ट लागू नये, पोर भित्रे होऊ नये. बाळकृष्णाच्या चित्रांतही ते दिसते. पाटील-देशमुखांच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले. आता हिशेब मांडू. वाघाच्या पुढच्या पंजाला पाच आणि मागच्या पंजाला चार, अशी एकूण अठरा नखे. बिबट्यालाही अठराच. म्हणजे एका जनावरामागे दोन नखांचे नऊच दागिने निघतात. गावोगाव आणि शहरोशहरी जेवढी वाघनखे मिरवली जातात तेवढे वाघ महाराष्ट्रात कधी होते का, असा प्रश्न पडतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ होते, तेही जवळजवळ सगळे विदर्भात. सातपुड्याच्या या पश्चिम टोकाला वाघाचा कायमचा वावर उरलेला नाही. उत्तर उघड आहे: बाजारातली पुष्कळ नखे गाई-म्हशींच्या शिंगा-खुरांतून घासून काढलेली असतात. खरे नख बाजूंनी चपटे असते आणि त्याच्या बुडाशी बोटाचे शेवटचे पेर बसायची पोकळी असते. शिंगातून कोरलेल्यात ती जागा साधत नाही, म्हणून कोंदण बुडाशी खोल घालतात.

थायलंडात मात्र खऱ्या वाघाच्या देहाचा धंदा फार मोठ्या प्रमाणावर उघडा पडला. कांचनाबुरी प्रांतात एका विहाराने वाघ पाळले होते. पर्यटक पैसे देऊन वाघासोबत फोटो काढत, आणि हे वाघ भिक्खूंच्या मैत्रीभावनेने माणसाळलेले, असे सांगितले जाई. २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस सरकारी पथक आत शिरले. शीतपेटीत वाघाच्या ४० बछड्यांची कलेवरे सापडली. विहारातून निघालेल्या गाडीत वाघांची कातडी, सुळे आणि शेकडो ताईत होते. त्या ताईतांत वाघाच्या कातडीचे तुकडे घातलेले. सरकारने ताब्यात घेतलेल्या १४७ वाघांपैकी ८६ वाघ २०१९ पर्यंत मेले. चुना-राखेच्या पट्टीला पाठाने जागे करणाऱ्या परंपरेच्याच अंगणात हे घडले. शब्दावरचा भरवसा उडाला की माणूस कातडीकडे वळतो, असा मी याचा अर्थ लावतो.

आज महाराष्ट्रात वाघनखापेक्षा मोठा धंदा दुसऱ्याच प्राण्यांचा आहे. मांडूळ घ्या. खानदेशात, मराठवाड्यात, पुणे-नगरकडे पोलिसांनी मांडूळ विकणारी टोळी पकडली ही बातमी इतकी नेहमीची की वाचणारा पुढच्या पानावर जातो. बिनविषारी, गरीब, उंदीर खाणारा साप. त्याची शेपूट बोथट असते आणि तोंडासारखी दिसते, म्हणून दुतोंड्या. एवढ्या एका शेपटीवरून गुप्तधनाची, पैशाच्या पावसाची आख्खी पोथी रचली गेली आणि वजनावर लाखो-कोटींचे भाव सांगितले जाऊ लागले. शेवटचा खरेदीदार कधीच कोणाला भेटत नाही. भेटतो तो दलाल, मग दुसरा दलाल, मग पोलीस.

हत्थाजोडीचा प्रकार याहून किळसवाणा. अमरकंटकच्या रानातली दुर्मिळ मुळी म्हणून ती विकली जात होती: जोडलेल्या दोन हातांसारखी, शेंदरात ठेवायची, तिजोरीत लक्ष्मी टिकते. २०१७ साली तपासात उघड झाले की या मुळ्या म्हणजे घोरपडीच्या नराची वाळवलेली जननेंद्रिये. श्रद्धाळू शाकाहारी घरांच्या देव्हाऱ्यांत ती पुजली जात होती. सियारसिंगी, म्हणजे कोल्ह्याचे म्हणून विकले जाणारे केसाळ शिंग, त्याच टोपलीतले. कोल्ह्याला शिंग नसते एवढेही कोणी विचारत नाही. खवले मांजराचे खवले अंगठीत घालतात. ते खवले आणि आपली कापून टाकलेली नखे एकाच द्रव्याची, केराटिनची. ज्याला गुण हवा त्याने आपलीच नखे चांदीत मढवून घ्यायला हरकत नाही.

खवले मांजराच्या बाबतीत कोकणात मात्र एक छान गोष्ट घडली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या प्राण्यासाठी काम करताना फलकबाजीपेक्षा ग्रामदेवतेचा आधार घेतला. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव झाला. खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा झाली, गाव नाचले. हा नवा वाघदेवच आहे, फक्त वाघाच्या जागी मुंग्या-वाळवी खाणारे लाजाळू जनावर.

सातपुड्यातही देह न फाडता प्राण्याची शोभा अंगावर घेण्याची रीत आहेच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत बावा आणि बुध्या मोरपिसांचे उंच टोप घालून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून, अंगावर नक्षी काढून रात्रभर नाचतात. त्याआधी काही दिवस ते व्रत पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. मोर दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस पिसारा झाडतो. गळून पडलेली पिसे गोळा करायला कायद्याची आडकाठी नाही. पिसांसाठी मोर मारणे हा मात्र गंभीर गुन्हा आहे.

दोन गोष्टींत मला सौम्य भूमिका घेता येत नाही. पहिली सर्पदंशाची. गंडा, दोरा, मणी, नख, काहीही गळ्यात असो; साप चावल्यावर त्याच्या भरवशावर घालवलेला प्रत्येक तास जीव घेऊ शकतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा स्पष्ट गुन्हा आहे. देवाला हात जोडायला कायदा अडवत नाही. हात जोडा आणि त्याच गाडीने दवाखान्यात जा. विषावर उतारा तिथेच आहे.

दुसरी नखाची. तळोदा तालुक्यात उसाच्या फडांतून बिबटे वावरतात. माणसे आणि गुरे दगावल्याच्या बातम्या आल्या की राग उसळतो, आणि तो समजण्यासारखा आहे. अशा वेळी मेलेल्या बिबट्याच्या पंजांवर कोणाचा तरी डोळा असतोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघ-बिबट्याचे नख बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. २०२३ च्या ऑक्टोबरात कन्नड बिग बॉसमधल्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखाच्या आरोपावरून चालू कार्यक्रमातून वनखात्याने नेले, तेव्हा हा कायदा पुष्कळांना पहिल्यांदा कळला. घरी जुने नख असेल त्याची नोंद करण्यासाठी २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. तेव्हा आजोबांच्या पेटीत असे काही सापडले तर ते विकू नका, भेट देऊ नका, बारशाला नातवाच्या गळ्यात तर मुळीच घालू नका. मेवासी वनविभागाचे कार्यालय तळोद्यातच आहे. तिथे लेखी कळवा. आणि कोणी नख, मांडूळ किंवा हत्थाजोडी विकायला दारात आला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.